एका केसपेपरावरील तांबडा शेरा : आष्ट्याच्या मुलांच्या प्रतीक्षेचा इतिहास

ऐतिहासिक कागद म्हटला म्हणजे तो मोडी असावा, कसरीनें त्याची चाळणी केलेली असावी, आणि निदान एखाद्या इनामदार घराण्याच्या दप्तरांतून तरी तो निघालेला असावा, अशी आम्हां संग्राहकांच्या मनाची ठेवण होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखास निमित्त झालेला कागद यांपैकीं एकाही कसोटीस उतरत नाहीं. तो आमच्याच घरीं, मातुःश्रींच्या पेटींत, सोनाराच्या चिठ्ठ्यांखालीं सांपडला. मुलांच्या एका इस्पितळांत बाहेरून तपासणीस येणाऱ्या रोग्यांस जो केसपेपर देत, तो हा असून आमच्या धाकट्या बंधूच्या नांवाचा आहे. इस्पितळाचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. कागद मात्र वाचण्यासारखा आहे.

वर्णन येणेंप्रमाणें. कागद यंत्राचा, पिंवळट, लांबीस वीतभर. वरचा उजवा कोपरा फाटला असून त्याबरोबर तारीख गेली आहे. जांभळ्या रबरी शिक्क्याची अर्धी कड शिल्लक आहे. छापील मजकुरांत फीच्या पुढें 'न. पै.' अशीं अक्षरें आहेत. हातानें भरलेला मजकूर : मुलाचें नांव; वय वर्षें २; मु. आष्टें, जि. द. सातारा, नं. ११२. खालीं औषधाच्या दोन ओळी आहेत. त्या कोणत्याही लिपींत लागत नाहींत. ११२ या अंकावर तांबड्या शाईची एक आडवी रेघ ओढलेली असून तिच्या शेजारीं त्याच शाईनें 'आधीं' एवढाच शब्द लिहिला आहे. कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें मातुःश्रींच्या हातचे दोन आंकडे आहेत : ९। आणि १०. पावकीचा दंड स्पष्ट आहे; म्हणजे सव्वानऊ आणि दहा.

प्रथम कालनिर्णय. नवा पैसा १ एप्रिल १९५७ रोजीं चालू झाला व १९६४ च्या जूनपासून त्याचें 'नवा' हें विशेषण गळालें. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ सालीं साताऱ्यापासून वेगळा निघाला आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. कारकुनानें जुनेंच नांव लिहिलें असेल, ही शंका राहतेच. जिल्ह्याचीं जुनीं नांवें लोकांच्या हातांतून लवकर सुटत नाहींत. तथापि दोन्ही प्रमाणें एकत्र ठेवलीं म्हणजे कागद १९५७ ते १९६० च्या दरम्यानचा ठरतो. घरच्या माहितीवरून तो १९५९ च्या पावसाळ्यांतील आहे, हें आम्हांस ठाऊक होतेंच. पण घरची माहिती बाजूस ठेवून कागद स्वतः काय बोलतो हें आधीं पाहावें, ही आमची जुनी खोड आहे.

आतां हा कागद काय सांगत नाहीं, तें पाहूं. त्यावर क्रमांक आहे, वय आहे, गांव आहे, औषध आहे, वेळ नाहीं. मूल किती वाजतां आलें आणि डॉक्टरांपुढें किती वाजतां गेलें, हें इस्पितळानें कोठेंच लिहिलेलें नाहीं. एका आईनें तें पाठीवर टिपलें म्हणून आज कळतें. दवाखान्यांचीं व इस्पितळांचीं जीं जुनीं बुकें आमच्या पाहण्यांत आलीं त्यांतही हाच प्रकार आहे. किती रोगी आले, किती बरे झाले, किती दगावले, औषधास खर्च काय झाला, याचा हिशेब चोख. पण ओसरीवर ताटकळण्यांत किती प्रहर गेले याचा रकानाच नाहीं. प्रतीक्षा ही रोग्याची, दप्तर संस्थेचें. यामुळें ज्या गोष्टीवर लहान मुलाचा जीव पुष्कळदां अवलंबून असतो, तीच इतिहासाच्या साधनांत उमटत नाहीं. ती अन्य प्रमाणांवरून काढतां येते कीं काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

स्थळाविषयीं थोडें लिहिणें अवश्य आहे. आष्टा म्हणजे आष्टी नव्हे. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं बापू गोखले जेथें पडले तें आष्टी सोलापूर जिल्ह्यांत. या दोन गांवांचा घोटाळा एका टिपणांत आम्हीं स्वतः केलेला आहे, म्हणून ही सूचना. आमचें आष्टा वाळवें तालुक्यांतलें, कृष्णेच्या पश्चिमेस, सांगलीहून इस्लामपुरास जाणाऱ्या वाटेवर. येथील नगरपालिका १८५३ सालची, म्हणजे मुलुखांतील जुन्यांपैकीं एक. परंतु इस्पितळाच्या दृष्टीनें पाहतां गांवाची स्थिति चमत्कारिक होती. आष्टा इंग्रजी मुलुखांत, सातारा जिल्ह्यांत. जिल्ह्याचें ठाणें दूर उत्तरेस. उलट सांगली व मिरज हीं जवळचीं शहरें पटवर्धनांचीं संस्थानें. डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन मिशनचे डॉक्टर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले आणि १८९४ सालीं त्यांचें मिरजेचें इस्पितळ उभें राहिलें. १८९७ पासून तेथें वैद्यकाची शाळाही चालू झाली. १९२८ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. या इस्पितळाच्या लौकिकामुळें दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरूं लागले. म्हणजे आष्ट्याच्या मुलास स्वतःच्या जिल्ह्याच्या शहरापेक्षां परक्या राज्यांतील इस्पितळ जवळ होतें. ही सरहद्द १९४८ सालीं संस्थानें विलीन होईपर्यंत टिकली.

सरहद्द कागदावरची, नदी खरी. आष्ट्याहून सांगलीस जावयाचें तर मध्यें कृष्णा. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ सालीं झाला. तत्पूर्वीं पावसाळ्यांत नावेवांचून गति नव्हती, आणि मुलांच्या हगवणीचा, तापांचा हंगामही तोच. पूर चढला म्हणजे नाव बंद. तेव्हां आष्ट्याच्या मुलाची प्रतीक्षा इस्पितळाच्या ओसरीवर नव्हे, तर नदीच्या कांठीं सुरू होत असे, आणि जें मूल कांठावरूनच परत फिरलें तें कोणत्याच बुकांत चढलें नाहीं. इस्पितळांचे आंकडे वाचतांना हें ध्यानांत ठेवावें. गर्दी कमी दिसते म्हणून रोग कमी होते, असा निष्कर्ष काढणारांनीं आधीं पुलाचें साल पाहावें.

मुलांस वेळ नेमून देऊन बोलावणें, ज्यास आतां आपण अपॉइंटमेंट म्हणतों, तें मात्र या प्रांतांत इस्पितळांहून जुनें आहे. तें देवीच्या टोचणीबरोबर आलें.

जेन्नरनें गोस्तनाच्या लसीचा प्रयोग १७९६ सालीं केला व त्याचें पुस्तक १७९८ त निघालें. ती लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा या मार्गानें मुंबईस पोंचली, आणि १४ जून १८०२ (शके १७२४), सोमवार, या दिवशीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती टिकली. हिंदुस्थानांतील ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या फोडांतील लस घेऊन पुढें पांच मुलांस टोचलें, आणि त्या मुलांपासून पुढें पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास येथवर ती गेली. त्या काळीं लस सांठवून ठेवण्याची विश्वसनीय सोय नव्हती. उन्हानें ती मरे. ती जिवंत राही ती फक्त मुलाच्या दंडांत. टोचल्याचा दिवस धरून आठव्या दिवशीं फोड पिकतो, आणि त्याच दिवशीं त्यांतील लस दुसऱ्या मुलास द्यावी लागते. चार दिवस गेले कीं लस निकामी.

यांत व्यवस्थेचा जो पेंच आहे तो वाचकांनीं नीट पाहावा, कारण आजच्या कोणत्याही इस्पितळाच्या कारभाऱ्यास तो ओळखीचा वाटेल. समजा, एका गांवांत चाळीस मुलें टोचावयाचीं आहेत. टोचणाऱ्यानें उत्साहानें तीं सर्व एकाच दिवशीं टोचलीं तर पुढील आठवड्यास चाळीस दंड पिकून तयार, पण लस घेण्यास मूल नाहीं; सांखळी तुटली. थोडींच टोचलीं आणि त्यांतलीं दोन-तीन आठव्या दिवशीं आलींच नाहींत, तरीही सांखळी तुटली. म्हणून कांहीं मुलें मुद्दाम राखून ठेवावयाचीं, कांहींस आज, कांहींस पुढल्या खेपेस, आणि पुढल्या गांवची मुलें त्याच दिवशीं हजर पाहिजेत. मागणी जास्त झाली तरी घात, कमी झाली तरी घात. स्पेनच्या राजानें १८०३ सालीं बाल्मिस याच्या हातीं लस अमेरिकेस धाडली, तेव्हां जहाजावर बावीस पोरकीं मुलें घेतलीं होतीं आणि तीं दोन-दोन अशीं क्रमानें टोचीत समुद्र ओलांडला. वाळव्याच्या खेड्यांतील टोचणाऱ्यापुढचें कोडें तेंच. फक्त समुद्राऐवजीं बाभळीचें रान.

मुंबई इलाख्यांत १८२७ च्या सुमारास यासाठीं फिरत्या टोचणाऱ्यांची पद्धत घालण्यांत आली. प्रांताचे विभाग पाडून, प्रत्येकावर एक गोरा अधिकारी व त्याच्या हाताखालीं एतद्देशीय टोचणारे, ठरल्या वाटेनें गांवोगांव फिरत. लोकांच्या तोंडीं या माणसास 'देवी काढणारा' हें नांव पडलें, आणि टोचण्याच्या क्रियेस 'देवी काढणें' हा जो शब्द रूढ झाला, त्यांत रोग, देवता आणि औषध तिन्ही एकाच नांवांत येऊन बसलीं. आमचा एक तर्क येथें नमूद करितों. मराठींत 'आठवडा' हा शब्दच आठवर आधारलेला आहे. सोमवारापासून सोमवारापर्यंत दोन्ही टोंकें धरून आठ. लसीचा आठवा दिवस आणि आठवड्याच्या बाजाराचा फेरा हे त्यामुळें आपोआप जुळतात. बाजारीं टोचलेलें मूल पुढच्या बाजारीं परत आणा, हें सांगण्यास आईबापांस पंचांग लागत नव्हतें. या सोयीचा उपयोग टोचणाऱ्यांनीं जाणून केला कीं काय, याला लेखी आधार शोधावयास पाहिजे.

आईबापांचा विरोध टोचण्यास जितका, तितकाच आठव्या दिवशीं पुन्हां दंड उघडून देण्यास असे. पिकलेला फोड फोडून आपल्या लेकराचें बळ दुसऱ्यास देणें हें कोणा आईस रुचणार? दंड पिकलेलें मूल दुसऱ्या गांवीं नेण्यासाठीं पैसे देण्याचे प्रकार यांतूनच निघाले. हा खोळंबा सुटला तो वासराच्या लसीनें. मुंबईंत या कामीं खटपट करणारांत डॉ. अनंत चंद्रोबा यांचें नांव घेतलें पाहिजे. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं डॉ. भाऊ दाजी यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतले हे पदवीधर. पुढें विसाव्या शतकांत बेळगांवच्या संस्थेंत वासरांपासून लस तयार होऊन नळ्यांतून इलाखाभर जाऊं लागली, तेव्हां मूल मुलावर अवलंबून राहण्याचें संपलें. देवीचा रोगच १९७५ नंतर या देशांत उरला नाहीं, आणि १९८० सालीं तो पृथ्वीवरून गेल्याचें जाहीर झालें. परंतु टोचणीचीं गांववार बुकें हींच या मुलुखांतील लहान मुलांच्या नेमलेल्या भेटींचीं पहिलीं साधनें होत, ही गोष्ट आमच्या मतें अद्याप कोणीं ध्यानांत घेतलेली नाहीं.

केवळ मुलांसाठीं वेगळें इस्पितळ ही कल्पना यूरोपांतही फार जुनी नाहीं. पॅरिसचें मुलांचें इस्पितळ १८०२ सालचें, म्हणजे मुंबईच्या टोचणीच्याच वर्षाचें. लंडनांत डॉ. चार्ल्स वेस्ट यांनीं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर दहा खाटांचें इस्पितळ १८५२ सालीं उघडलें. विलायतेंत त्या काळीं धर्मादाय इस्पितळांत शिरण्यास देणगीदाराची चिठ्ठी लागे. चिठ्ठी नसेल तर रोग कितीही भारी असो, दार बंद. विल्यम मार्सडेन यांनीं १८२८ सालीं ही चिठ्ठीची अट झुगारून रॉयल फ्री इस्पितळ काढलें. गर्दी आवरण्याची ही सर्वांत जुनी युक्ति : ज्याची ओळख त्याचा नंबर. ती विलायतेपुरतीच होती, असें मात्र कोणी समजूं नये.

मुंबईस परळ येथें वाडिया घराण्याच्या दातृत्वानें १९२६ सालीं प्रसूतिगृह व १९२९ सालीं बाई जेरबाई वाडिया मुलांचें इस्पितळ झालें. कृष्णेवरचा पूल आणि मुंबईचें मुलांचें इस्पितळ हीं एकाच सालचीं, हा योगायोग. पण आष्ट्याच्या दृष्टीनें तो लहान नाहीं.

आतां मूळ प्रश्न. बुकांत वेळ लिहिलेली नसतां प्रतीक्षा मोजावयाची कशी? या कामीं गणिताचे दोन सिद्धांत उपयोगी पडतात, आणि ते इतिहासकारांस परके वाटण्याचें कारण नाहीं. शिवकालीन गलबतांचीं मापें काढतांना आपण यापेक्षां अवघड गणितें केलीं आहेत.

पहिली गोष्ट अशी कीं खोळंबा हा केवळ संख्येनें होत नाहीं, येण्याच्या रीतीनें होतो. एका मुलास पांच मिनिटें लागतात असें धरूं. तासांत बारा मुलें पांच-पांच मिनिटांच्या अंतरानें आलीं तर कोणासच थांबावें लागत नाहीं. तींच बारा एका मोटारींतून एकदम उतरलीं तर शेवटच्यास पंचावन्न मिनिटें आणि सरासरीनें प्रत्येकास साडेसत्तावीस मिनिटें थांबणें प्राप्त. डॉक्टर तोच, काम तेंच, मुलें तितकींच. या राज्यांत एस्. टी. ची गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर प्रथम धांवली आणि पुढील वर्षांत गांवोगांव पोंचली. तिनें नाव व बैलगाडी यांचा खोळंबा संपविला हें खरेंच, पण त्याबरोबर रोग्यांस घोळक्यानें दाराशीं आणून सोडलें. सकाळच्या पहिल्या गाडीनें निघालेलें सर्व आष्टें एकाच क्षणीं खिडकीपुढें उभें राही, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. विलायतेंत बेली व वेल्च यांनीं १९५२ सालीं याच विषयावर जें लिहिलें त्याचा निष्कर्ष असा कीं डॉक्टर क्षणभरही रिकामा बसूं नये या धाकानें रोग्यांस आगाऊ जमवून ठेवतात, आणि डॉक्टरांचीं थोडीं मिनिटें वांचविण्यासाठीं रोग्यांचे तास जातात. त्यांची सूचना साधी होती : आरंभीं दोन रोगी हजर असावेत, नंतर एका तपासणीस सरासरी जितका वेळ लागतो तितक्या अंतरानें एकेक बोलवावा. ज्या मुलुखांत रोग्याची वेळ एस्. टी. ठरविते तेथें ही सूचना कितपत चालेल, हा प्रश्न निराळा.

दुसरा सिद्धांत लिटल नांवाच्या अमेरिकन पंडितानें १९६१ सालीं सिद्ध केला. ओसरीवर सरासरी जितकी माणसें तिष्ठत असतात, ती संख्या म्हणजे दर तासास येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा सरासरी वेळ. यांतील कोणत्याही दोन गोष्टी कळल्या कीं तिसरी निघते. आणि येथें संग्राहकांचें काम येतें. रोजचे किती आले हें बुकांत असतेंच, दवाखाना किती तास उघडा असे तेंही बहुधा असतें. राहिली ओसरीवरची संख्या. ती जुन्या छायाचित्रांत असते! उदाहरणार्थ, चार तासांत एकशेवीस मुलें तपासलीं जात, म्हणजे तासास तीस. आणि छायाचित्रांत ओसरीवर पंचेचाळीस मुलें मोजतां आलीं, तर सरासरी प्रतीक्षा दीड तास. ज्या वेळेची कोणींही नोंद केली नाहीं ती अशी हातीं लागते. अर्थात् छायाचित्रकार येणार म्हणून मुद्दाम गोळा केलेली गर्दी आणि रोजची गर्दी यांत भेद करावा लागेल. मुलें मोजतांना सोबतचीं माणसें वगळावीं लागतील. एका चित्रावरून सरासरी काढणें तर धाडसाचेंच. पण एका शिलालेखावरून आपण घराणीं उभीं केलीं आहेत.

हा हिशेब आमच्या कागदास लावून पाहिला. दवाखाना नऊस उघडला, एका मुलास तीन मिनिटें, डॉक्टर दोन, असें सढळ हातानें धरलें तरी ११२ क्रमांकाची पाळी पावणेबाराच्या आधीं येत नाहीं. एकच डॉक्टर असेल तर अडीच वाजून जातात. मातुःश्रींनीं मात्र पाठीवर दहा लिहिले आहेत. म्हणजे किमान पावणेदोन तास कोठें तरी वांचले. ते त्या तांबड्या शब्दानें वांचविले.

सरासरी ही मोठी फसवी बाब आहे. दीड तास ही प्रतीक्षा खरजेच्या मुलास त्रासाची, पण आंकडी येऊं घातलेल्या मुलास जीवघेणी. शिवाय लहान मूल आपलें दुखणें बोलून दाखवूं शकत नाहीं. फार आजारी मूल रडतही नाहीं, तें निपचित पडतें, आणि ओसरीवर शांत मुलाकडे कोणी पाहत नाहीं. हस्तलिखितांच्या संग्राहकांस येथें काश्यपसंहितेचें स्मरण झाल्याशिवाय राहणार नाहीं. कौमारभृत्याचा हा प्राचीन ग्रंथ नेपाळांतील खंडित ताडपत्रावरून राजगुरु हेमराज शर्मा यांनीं प्रकाशांत आणला व तो १९३८ सालीं मुंबईस निर्णयसागरांत छापला गेला. त्यांत वेदनाध्याय म्हणून एक प्रकरण आहे. ज्यास वाचा फुटलेली नाहीं अशा बालकाचें दुखणें त्याच्या चेष्टांवरून कसें ओळखावें, एवढाच त्याचा विषय. रांगेंत कोणास पुढें घ्यावें याचा विचार करणाऱ्यानें हें प्रकरण वाचावें. आजची विद्या त्याहून भिन्न चिन्हें सांगते, पण प्रश्न तोच आहे.

आजची विद्या काय सांगते तेंही थोडक्यांत देतों. नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारी यानें जखमी शिपायांचा क्रम हुद्द्यावरून न लावतां जखमेवरून लावला. मुलांच्या इस्पितळांसाठीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याच धर्तीवर जी पद्धत घालून दिली, तींत दाराशींच तीन वर्ग करितात : तातडीचे, अग्रक्रमाचे आणि रांगेचे. श्वास अडला आहे काय, हातपाय गार आहेत काय, शुद्ध हरपली किंवा आंकडी आली आहे काय, जुलाबानें शरीरांतलें पाणी आटलें आहे काय, हें डॉक्टरानेंच पाहावें असें नाहीं; शिकविलेला पट्टेवालाही पाहूं शकतो. दोन महिन्यांच्या आंतील मूल आणि दुसऱ्या दवाखान्यानें तांतडीची चिठ्ठी देऊन धाडलेलें मूल हीं अग्रक्रमांत येतात. विलायतेंतील देणगीदाराच्या चिठ्ठीचें असें रूपांतर झालें : ओळखीची चिठ्ठी गेली, रोगाची आली. आफ्रिकेंत मलावी देशांतील ब्लांटायर येथील इस्पितळानें २००१ सालीं मुलांच्या विभागाची मांडणी या तत्त्वावर बदलली. दाखल झालेल्या मुलांपैकीं पूर्वीं शेंकडा १० ते १८ दगावत. तें प्रमाण ६ ते ८ वर आलें, असें तेथील डॉक्टरांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें. ताटकळणें हा केवळ सोयीगैरसोयीचा प्रश्न नव्हे, हें दाखविण्यास यापेक्षां निराळें प्रमाण नको.

आमच्या कागदावरील शब्द मात्र या सर्व शास्त्राच्या पूर्वीचा. मातुःश्री सांगत कीं पांढऱ्या लुगड्यांतली एक बाई ओसरीवरून चालत आली, दोन-चार मुलांकडे पाहून पुढें गेली, परत फिरली, आमच्या बंधूची पापणी वर करून पाहिली आणि काहीं न बोलतां कागद ओढून घेतला. मागें कुरकुर झाली. खांद्यावर मुलगी घेतलेला एक गृहस्थ मोठ्यानें बोलला कीं आम्ही पहांटेपासून उभे आहों आणि यांची ओळख निघाली. त्याचें चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. त्या ओसरीवर तांबडी शाई ओळखीसाठींही वापरली जात नसेल, याची त्यास काय खात्री? आम्ही तेव्हां सहा-सात वर्षांचे होतों. त्या मुलीचे लोंबते पाय तेवढे आठवतात. आमचा बंधु आज आजोबा आहे.

'आधीं' या शब्दांतील ध कारकुनाच्या 'द. सातारा' मधील वळणाशीं जुळत नाहीं, डॉक्टरांच्या हाताशीं तर कांहींच जुळत नाहीं. अक्षर तिसऱ्याच व्यक्तीचें आहे आणि तें घाईचें आहे. त्याच बाईचें असावें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. संस्थांच्या दप्तरांतून केसपेपर व रोजचीं बुकें ठरावीक वर्षांनीं बाद होतात आणि रद्दीच्या दुकानीं जातात. वाळवें, तासगांव, मिरज या भागांतील दवाखान्यांचीं जुनीं बुकें, टोचणीचे गांववार तक्ते, इस्पितळांच्या ओसऱ्यांचीं छायाचित्रें, किंवा घरोघरच्या पेट्यांत राहिलेले केसपेपर कोणाजवळ असल्यास त्यांनीं मंडळास कळवावें. रोग्यांचीं नांवें उतरून घेण्याची अथवा छापण्याची आवश्यकता नाहीं. क्रमांक, वय, गांव आणि तारीख एवढें पुरे. कागदाची पाठ मात्र अवश्य पाहावी.